वलये आणि गावकूस

दरवर्षी मी वर्गातल्या फळ्यावर पाच वलये काढतो. अर्नेस्ट बर्जेस या समाजशास्त्रज्ञाने शिकागो शहर अभ्यासून १९२५ साली मांडलेला हा एककेंद्री वलय सिद्धान्त. मधोमध व्यापारपेठ, तिच्याभोवती संक्रमणाचा पट्टा, मग कामगारांची घरे, मग सुखवस्तूंची, आणि शेवटी रोज ये-जा करणाऱ्यांची वस्ती. विद्यार्थी आकृती उतरवून घेतात. त्यांतले बरेचजण रोह्याभोवतीच्या वाड्यांतून एस.टी.ने आलेले असतात. आपले घर यातल्या कोणत्या वलयात पडते, असे कोणी विचारत नाही. मीही विद्यार्थी असताना विचारले नव्हते. घरातला पहिला पदवीधर मी. छापले आहे म्हणजे खरे आहे, असे मानून चाललो. ही श्रद्धा आता तपासली पाहिजे.

बर्जेस सांगतो, गरीब नवागत मध्याजवळ उतरतो आणि ऐपत वाढली की बाहेरच्या वलयात सरकतो. म्हणजे सरकणे पैशावर ठरते. आपल्या गावांचा नकाशा पैशाने काढलेला नाही. पेणमधील कासार आळी, कुंभार आळी ही नावेच सांगतात की वस्ती जातीच्या धंद्याने बसली. ज्यांना आळी मिळाली ते निदान आत होते. आम्हाला मिळाली ती गावकुसाबाहेरची जागा. तिथून बाहेर पडायला ऐपत पुरत नाही. नोकरी लागल्यावर मी भाड्याची खोली शोधू लागलो, तेव्हा पगार विचारण्याआधी आडनाव विचारले गेले. आडनाव सांगितल्यावर खोली ‘कालच दिलेली’ निघाली. हे कोणत्या वलयात बसवायचे?

खुद्द बर्जेसच्या दुसऱ्या आकृतीत कृष्णवर्णीयांचा पट्टा दाखवलेला आहे, आणि तो वलये छेदून जातो. सिद्धान्ताला न जुमानणारे वास्तव त्याने निदान नोंदवले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी बहुधा वलये उचलली आणि तो पट्टा गाळला. हे गाळणे मला निरागस वाटत नाही.

वाल्टर क्रिस्टालरचा १९३३ चा मध्यवर्ती स्थान सिद्धान्त घ्या. मोठे गाव भोवतालच्या खेड्यांना सेवा पुरवते. ती कोणाला मिळेल हे अंतर आणि खर्च यांवर ठरते. पेण आणि रोहा ही अशीच बाजारपेठेची गावे. पण याच जिल्ह्यातले महाड आठवा. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव तिथल्या नगरपालिकेने १९२४ साली केला. तळे होते, ठराव होता, अंतर चार पावलांचे होते. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला १९३७ उजाडले. हे अंतर कोणत्या मैलात मोजणार? अंतर जातीचेही असते, हे ज्या भूगोलाला ठाऊक नाही तो आमचा भूगोल नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मग शहर नाकारायचे का? मुळीच नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या उदात्तीकरणावर केलेला प्रहार आम्ही विसरलेलो नाही. धाटावची औद्योगिक वसाहत आली, १९८६ साली रोह्यापर्यंत रेल्वे आली. कारखान्याच्या पाळीत शेजारी कोण उभा आहे हे यंत्र विचारत नाही. माझ्या वडिलांना बलुत्याऐवजी पगार मिळाला आणि त्यातून माझी फी भरली गेली. हे ऋण मी मानतो.

पण गाव वाढते तेव्हा गावकूस आपोआप पडत नाही. पुष्कळदा ते सरकते. कालपर्यंत जी कडा टाकाऊ होती तिथून रस्ता गेला की जमिनीला भाव येतो, आणि कडेवर राहणाऱ्याकडे कागद मागितला जातो. पेण तालुका आज मुंबई महानगर प्रदेशात मोडतो. तिथे हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही.

शहर झाडासारखे वाढत नाही. रेषा कोणीतरी आखतो. यंदा फळ्यावर वलये काढून झाली की मी विद्यार्थ्यांना आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगणार आहे: विहीर, देऊळ, स्मशान आणि स्वतःचे घर दाखवून. मग सिद्धान्त वाचू. क्रम एवढा तरी बदलला पाहिजे.