प्रबंधाची वार्ता आणि प्रबंधाचे वाचन

१

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने आपले संशोधन कोणास सांगावे व केव्हा सांगावे, हा प्रश्न पंचवीस-तीस वर्षांपूर्वी फारसा उद्भवत नसे. मार्गदर्शक, परीक्षक आणि खुल्या मौखिक परीक्षेस जमलेली विभागातील पंधरावीस मंडळी, एवढाच त्याचा श्रोतृवर्ग असे. प्रबंध बांधला जाई, ग्रंथालयाच्या कपाटात जाई आणि बहुधा तेथेच राही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले, आणि गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ ह्या भांडारात कालांतराने लाखो प्रबंध कोणासही वाचावयास उपलब्ध झाले. कपाटाचे कुलूप अशा रीतीने निघाले. वाचक मात्र आपोआप आला नाही. त्यास बोलावून आणण्यासाठी विद्यार्थी आता फेसबुक, एक्स, लिंक्डइन, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप ह्यांच्याकडे वळला आहे.

ह्या प्रघाताविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही ज्ञानाची लोकशाही आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ही आत्मप्रसिद्धी आहे. दोन्ही पक्ष माध्यमाविषयी बोलतात. त्यावर प्रत्यक्ष जे लिहिले जाते त्याचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. समाजमाध्यमावरील संशोधनविषयक मजकूर हा एक लेखनप्रकार आहे असे मानून त्याची चिकित्सा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कसोटीसाठी फार दूर जावयास नको. आपल्याकडील शास्त्रग्रंथांच्या आरंभी चार गोष्टी स्पष्ट करण्याची परंपरा आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. ग्रंथ कोणासाठी आहे, कशाविषयी आहे, ग्रंथाचा व विषयाचा संबंध कोणता, आणि तो वाचून काय साधावयाचे, हे आधी सांगितले म्हणजे वाचकास आत यावे की दारातूनच परतावे ह्याचा निर्णय करता येतो. ह्यास अनुबंधचतुष्टय म्हणतात. चार ओळींच्या मजकुरालाही ही कसोटी लावता येते, किंबहुना तेथे ती अधिक लागू पडते.

२

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये घडलेला एक प्रसंग ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. केंब्रिज विद्यापीठातील इंग्रजी साहित्याच्या एका विद्यार्थिनीने मौखिक परीक्षा यशस्वी रीतीने पार पडल्यावर आपल्या बांधलेल्या प्रबंधासह काढलेले छायाचित्र एक्सवर प्रसिद्ध केले. आधुनिक व समकालीन गद्यातील गंधाचे राजकारण, हा प्रबंधाचा विषय. हा मजकूर थोड्याच दिवसांत दहा कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. अभिनंदन पुष्कळांनी केले. परंतु त्याहून मोठा ओघ उपहासाचा व शिवीगाळीचा होता. धमक्यांपर्यंत मजल गेली आणि पोलिसांना चौकशी करावी लागली.

टीका करणाऱ्यांच्या समोर काय होते? एक छायाचित्र, एक शीर्षक, आणि पुढे प्रसिद्ध झालेला प्रबंधाचा सारांश. लिंग, वर्ग, वंश इत्यादींवर आधारलेले सत्तासंबंध उभारण्यात आणि मोडण्यात गंधाची भाषा कशी वापरली जाते, असा त्या सारांशाचा आशय होता. सारांश परीक्षकांसाठी लिहिलेला, म्हणून परिभाषेने भरलेला. परीक्षकांस ती परिभाषा परिचित असते, आणि त्यांच्यासाठी ती सोयीचीही असते. तोच मजकूर जसाच्या तसा चव्हाट्यावर आला तेव्हा परिभाषेलाच लोक प्रबंध समजले. अनुबंधांच्या भाषेत बोलावयाचे तर विषय सांगितला गेला होता, परंतु अधिकारी बदलला असतानाही प्रयोजन जुन्याच अधिकाऱ्याच्या भाषेत राहिले.

वस्तुतः प्रयोजन सांगणे कठीण नव्हते. जॉर्ज ऑर्वेल ह्याने १९३७ च्या आपल्या ‘द रोड टू विगन पिअर’ ह्या पुस्तकात, खालच्या वर्गातील माणसांच्या अंगाला वास येतो ही समजूत मध्यमवर्गीय मुलांत बालपणीच कशी रुजविली जाते आणि वर्गभेदाची भिंत तिच्यामुळे कशी पक्की होते, हे लिहिले आहे. एवढे एक उदाहरण दिले असते तर गंध ही केवळ नाकाची बाब नसून समाजाचीही आहे, हे कोणाही समंजस वाचकास उमगले असते. दलित आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकास तर हे सांगावेच लागत नाही. शिवाशिवीच्या व्यवहारात घृणेला नाक असते, हे त्यास ठाऊक असते.

ह्यावरून त्या विद्यार्थिनीस दोष द्यावयाचा आहे असा समज कोणी करून घेऊ नये. वर्षानुवर्षांच्या श्रमांनंतर आनंदाची वार्ता आप्तमित्रांस कळविणे हा अपराध नव्हे, आणि शिवीगाळ करणाऱ्यांची जबाबदारी त्यांचीच आहे. तिने पुढे संयमाने खुलासे केले. त्यामुळे अनेकांस विषयाची गोडीही लागली. मुद्दा एवढाच की कोट्यवधी लोकांनी ज्याची निंदा अथवा स्तुती केली, तो प्रबंध त्यांतील बहुतेकांनी वाचलेला नव्हता.

३

आता आपल्या घरी येऊ. मराठीत संशोधन करणारा विद्यार्थी समाजमाध्यमावर आपल्या कामाविषयी जे लिहितो त्याचा एक ठराविक साचा बनला आहे. मौखिक परीक्षेनंतरचे छायाचित्र असते. त्यात मार्गदर्शक, बहिःस्थ परीक्षक, शाल, पुष्पगुच्छ व क्वचित पेढ्यांचा पुडा दिसतो. खाली प्रबंधाचे शीर्षक, आणि शीर्षकाच्या शेवटी बहुधा ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे तीन शब्द. मग ऋणनिर्देश. त्याखाली शेकडो अभिनंदने येतात आणि नावामागे ‘डॉ.’ ही उपाधी तत्काळ लागते. कोणी काही विचारीत नाही.

केंब्रिजचा प्रसंग आणि आपल्याकडील हा सोहळा वरवर पाहता परस्परविरुद्ध भासतात. एकीकडे शिव्यांचा वर्षाव, दुसरीकडे पुष्पवृष्टी. परंतु टीकेच्या दृष्टीने दोहोंचे वर्म एकच आहे: न वाचता केलेली निंदा आणि न वाचता केलेली स्तुती. आपल्याकडील विद्यार्थ्यास भोगावे कमी लागते एवढे खरे. संशोधनाची हानी मात्र तितकीच होते. निंदेमुळे निदान विषयाची चर्चा तरी घडली. अभिनंदनाने विषयावर पडदाच पडतो. ‘चिकित्सक अभ्यास’ असे म्हणणाऱ्यास ‘चिकित्सेअंती काय हाती आले?’ असे विचारणे आपल्याकडे अशिष्टपणाचे ठरते, आणि सांगणाराही ते आपण होऊन सांगत नाही. येथे विषय आहे. अधिकारी, संबंध व प्रयोजन ही तिन्ही गैरहजर आहेत.

४

मग ह्या लेखनप्रकाराकडून काही चांगले निष्पन्न होतच नाही काय? होते. त्याचे दाखलेही पाहिले पाहिजेत.

छापील नियतकालिकाची वाट न पाहता सहकाऱ्यांपुढे निबंध ठेवण्याची रीत भौतिकशास्त्रज्ञांत जुनीच होती. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग ह्यांनी लॉस ॲलामॉस येथे ‘आर्काइव्ह’ हे संगणकीय भांडार सुरू करून तिला कायमचे घर दिले. जानेवारी २०१३ मध्ये ट्विटरवर ‘ओव्हरली ऑनेस्ट मेथड्स’ ह्या खुणेखाली संशोधकांनी आपल्या कार्यपद्धतीची खरी कारणे थट्टेने कबूल केली. प्रबंधाच्या ‘संशोधनपद्धती’ ह्या प्रकरणात जे कधीच येत नाही, म्हणजे सोय, योगायोग आणि तुटपुंजा निधी, ते तेथे आले. नवख्या विद्यार्थ्यास ह्यातून धीर मिळतो. संशोधन हे निर्दोष माणसांचे काम नाही हे त्यास समजते. ब्रिटनमधील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी २०१० च्या सुमारास त्याच माध्यमावर नियमित चर्चा सुरू केल्या, त्यांचे मोलही असेच आहे. एकाकीपणा हा ह्या अभ्यासक्रमाचा जुना रोग आहे.

ह्या दाखल्यांत एक गोष्ट समान आहे. सांगणारा आपल्या कामातील काहीतरी ठोस, तपासता येईल असे पुढे ठेवतो आणि उत्तराची अपेक्षा करतो. आपल्या परंपरेत ह्या प्रकारास नाव आहे; ते म्हणजे टिपण. १९१० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभांतून अशीच लहान टिपणे वाचली जात: एखादे पत्र, एखादी सनद, एखाद्या तिथीचा घोळ. टिपण हे प्रबंधाचे लघुरूप नव्हे. प्रबंध निष्कर्ष मांडतो. टिपण एक बारीक गोष्ट दाखवून ‘ह्यावर आपले काय मत?’ असे विचारते. समाजमाध्यमावरील चांगला मजकूर हा टिपणाच्याच कुळातला असतो, आणि वाईट मजकूर जाहिरातीच्या.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीचा प्रबंध ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणावर आहे. तिने शीर्षक व शाल ह्यांऐवजी असे लिहिले: ‘मी तपासलेल्या कादंबऱ्यांत शेतात राबणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, परंतु स्वतःच्या नावे जमीन असलेली स्त्री मला एकाच कादंबरीत आढळली. कादंबऱ्यांची यादी खाली दिली आहे. आपणांस आणखी एखादी ठाऊक असल्यास कळवावी.’ ह्या तीन-चार वाक्यांत चारही अनुबंध आले. विषय स्पष्ट झाला. यादी दिल्याने विधानाचा व पुराव्याचा संबंध दिसला. कादंबरी वाचणारा कोणीही अधिकारी ठरला. आणि स्त्रीचे श्रम व तिचा मालकीहक्क ह्यांतील अंतर दाखविणे हे प्रयोजन न सांगताही कळले. शिवाय खंडनाची वाट मोकळी राहिली. परगावच्या एखाद्या शिक्षकाने ‘अमुक कादंबरी आपण पाहिली नाही’ असे कळविले, तर परीक्षकाच्या अहवालापूर्वीच प्रबंधातील एक उणीव भरून निघेल.

५

ह्यावर काही आक्षेप संभवतात. पहिला चोरीचा. लिहिलेले कोणी उचलील, ही भीती निराधार नाही. परंतु दिनांकासह जाहीर केलेले टिपण हा अग्रक्रमाचा पुरावाही असतो. अप्रकाशित कागदपत्रांचा ठावठिकाणा उघड करू नये, हे तारतम्य विद्यार्थ्याने पाळलेच पाहिजे. दुसरा आक्षेप वाङ्मयचौर्यविषयक तपासणीचा. २०१८ च्या विनियमांनी साम्याचे प्रमाण दहा टक्क्यांपुढे गेल्यास कारवाईच्या पायऱ्या ठरविल्या; तेव्हापासून आपलेच आधी लिहिलेले वाक्य आपल्यावर उलटेल की काय, अशी धास्ती विद्यार्थ्यांस वाटते. प्रकरणेच्या प्रकरणे आधी प्रसिद्ध न करता टिपणे लिहिणे हाच ह्यावर सरळ उपाय आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो क्वचितच घेतला जातो. खेड्यापाड्यांत जाऊन ओव्या, आठवणी, दुःखे गोळा करणारा विद्यार्थी त्या माणसांची छायाचित्रे व बोलणी समाजमाध्यमावर ठेवतो, तेव्हा त्यांची संमती कोणत्या गोष्टीस होती? अभ्यासकाच्या वहीस दिलेली संमती म्हणजे जगाच्या चावडीस दिलेली संमती नव्हे. येथे विद्यार्थ्याने स्वतःचा संकोच न सोडलेलाच बरा.

माध्यमाचे स्वतःचेही दोन दोष आहेत. एक मोजणीचा. विद्वत्तेच्या प्रभावाचे मापन समाजमाध्यमांवरील उल्लेखांवरूनही करावे ह्या कल्पनेस ‘अल्टमेट्रिक्स’ हे नाव २०१० मध्ये मिळाले, आणि ते देणारा जेसन प्रीम हा त्या वेळी स्वतः पीएच.डी.चा विद्यार्थी होता. त्याने तो शब्द प्रथम ट्विटरवरच योजला. हेतू उदार होता. परंतु अशा गणनेचा जो आकडा आज निबंधांसोबत झळकतो, तो लक्ष किती वेधले गेले एवढेच सांगतो. गुणवत्ता सांगत नाही. हे आकडा देणारे स्वतःच मान्य करतात. आकडा वाचणारे विसरतात. दुसरा दोष नश्वरतेचा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये ट्विटरवरील सर्व सार्वजनिक मजकूर जतन करण्याचे जाहीर केले होते. २०१८ च्या आरंभापासून तिने केवळ निवडक मजकूर घेण्याचे ठरविले. २०२२ मध्ये त्या माध्यमाची मालकी व २०२३ मध्ये नाव बदलले. अनेक संशोधक अन्यत्र गेले आणि चर्चेचे धागे तुटले. म्हणून समाजमाध्यमावर मिळालेली चांगली हरकत विद्यार्थ्याने, हरकत घेणाऱ्याच्या अनुमतीने, त्याच्या नावासह प्रबंधाच्या टिपेत उतरवून घ्यावी. तेथे ती टिकेल.

६

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची व दोन परिषदांत निबंध वाचण्याची अट होती. २०२२ च्या विनियमांनी ती काढून टाकली. छापून आणण्याची सक्ती गेली. आपण काय शोधले हे सांगण्याची जबाबदारी मात्र कायम आहे. ती जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नव्हे. आपल्या विभागातील कोणी आपल्या कामाविषयी चार ओळी लिहिल्या, तर आम्ही शिक्षक त्याखाली हात जोडल्याचे चिन्ह उमटवितो व पुढे जातो. त्याऐवजी एक प्रश्न विचारणे आम्हांस अशक्य नाही. ‘ही यादी कशी निवडली?’ एवढे विचारले तरी पुरे.

विद्यार्थ्याने वार्ता अवश्य द्यावी. आनंदही साजरा करावा. परंतु त्या वार्तेत निदान एक वाक्य असे असावे की ज्यास कोणी ‘हे मला मान्य नाही’ असे म्हणू शकेल. आणि ते वाक्य वाचल्यावर, मान्य असो वा नसो, तसे म्हणण्यासाठी लागणारे श्रम आपण वाचकांनी घ्यावेत.