आष्टीचा नियाझी आणि स्वामिनिष्ठेच्या नोंदी

वर्धा जिल्ह्यातील तळेगावच्या नावाला जोडलेले ‘श्यामजी पंत’ हे पद एका व्यक्तीची आठवण राखून आहे. त्यातील ‘पंत’ हा शब्द तिचा मान सांगतो. तिचा धनी कोण होता हे सांगत नाही. ग्रामनामाची ही मर्यादा कोणीही मान्य करील. तवारिखांतील ‘एकनिष्ठ’ आणि ‘निमकहराम’ या विशेषणांनाही तीच मर्यादा असते, याचा मात्र सहज विसर पडतो.

तळेगाव ज्या तालुक्यात मोडते त्या आष्टीस मुहंमदखान नियाझी याची कबर आहे. अकबर व जहांगीर यांच्या पदरच्या या सरदारास आष्टीची जहागीर होती, त्याचा मृत्यू हिजरी १०३७ (इ. स. १६२७-२८) मधला. त्याच्या चरित्रासाठी ब्लॉखमनच्या ‘आईन-इ-अकबरी’च्या भाषांतरातील (१८७३) टीपा आणि ‘मआसिर-उल्-उमरा’ हे दोन ग्रंथ पुढे ठेवले, तरी साक्षी दोन होत नाहीत. कारण सरदारांविषयीच्या त्या टीपांचा मुख्य आधार ‘मआसिर’च आहे. ‘मआसिर’चा कर्ता शाहनवाजखान १७५८ मध्ये मारला गेला. त्याचे विखुरलेले लेखन आझाद बिलग्रामीने जमविले व पुढे पुत्र अब्दुल हय्य याने ग्रंथ पुरा केला. शाहनवाजखानाच्या आधारग्रंथांपैकी फरीद भक्करीचा ‘जखीरत-उल्-खवानीन’ १६५० चा, म्हणजे शाहजहानच्या कारकीर्दीतला.

खरी अडचण येथेच आहे. नियाझीच्या आयुष्याच्या अखेरीस, १६२२ ते १६२६ या काळात, शाहजहान पित्याविरुद्ध बंड करून उठला होता आणि दक्षिणेतील प्रत्येक मनसबदारास बाजू निवडणे भाग होते. जहांगीरने आपल्या ‘तुझुक’मध्ये या पुत्रास ‘बेदौलत’ म्हणावे असे फर्माविले. १६२८ मध्ये तोच पुत्र तख्तावर बसला आणि दरबारी इतिहासकारांचा ‘साहिब-किरान-इ-सानी’ झाला. महाबतखानाने प्रथम त्याचा पाठलाग केला, १६२६ मध्ये खुद्द जहांगीरास नजरकैदेत ठेवले, आणि अखेरीस शाहजहानकडूनच ‘खानखानान’ हा किताब मिळविला. अशा सरदारास एकनिष्ठ म्हणावे की नाही, हे त्याच्या आचरणापेक्षा लेखणी कोणत्या वर्षी उचलली गेली यावर ठरते.

म्हणून १६५० किंवा त्यानंतरच्या ग्रंथातील नियाझीची स्तुती १६२२ ची साक्ष म्हणून घेता येणार नाही. जहागीर, मनसब व दफनस्थळ यांच्या नोंदी एका वर्गातल्या; निष्ठेची विशेषणे दुसऱ्या. पहिल्या वर्गाची छाननी फर्माने, सनदा व शिलालेख यांवरून होते. दुसऱ्यासाठी प्रत्येक शब्द प्रथम कोणत्या ग्रंथात, कोणाच्या आश्रयाने आला हे तपासावे लागते; आणि नंतरच्या ग्रंथाने तो तसाच उचलला असेल, तर त्या ग्रंथाचे नाव साक्षीदारांच्या यादीतून वगळावे लागते.