यंत्राने कोरलेली आपली चिन्हे

चिन्हांचा प्रश्न आपल्याकडे कधीच केवळ शोभेचा नव्हता. ज्या समाजाच्या अंगावर शतकानुशतके दुसऱ्यांनी चिन्हे लादली, गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू ही ज्याची ओळख ठरवण्यात आली, त्या समाजाने स्वतःचे चिन्ह स्वतः निवडणे ही राजकीय कृती असते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने राष्ट्रध्वजावर चरख्याऐवजी अशोकाचे चक्र स्वीकारले. ज्या समितीने ध्वजाचा विचार केला तिचे बाबासाहेब सदस्य होते. २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचा सिंहस्तंभ राजमुद्रा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी जुनी दैवते नाकारली आणि धम्मचक्र आपले मानले. तेव्हा आज हे चक्र लाकडात कोण कोरतो, कसे कोरतो आणि कोणाच्या सांगण्यावरून कोरतो, हा प्रश्न सुतारकामाचा आहे असे समजून सोडून देता येणार नाही. तो समीक्षेचा प्रश्न आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या परिसरात फर्निचरच्या कारखान्यांतून आता सीएनसी राऊटर बसले आहेत. आठ फूट लांब आणि चार फूट रुंद मेज, त्यावर तीन दिशांना सरकणारे डोके, आणि त्या डोक्यात मिनिटाला चोवीस हजारांपर्यंत फेरे घेणारे पाते. संगणकातली फाइल सांगेल तसे ते लाकूड खरवडते. दाराच्या फळ्या, देव्हारे, गणपती, शिवमुद्रा हा त्याचा रोजचा माल. त्याच मेजावर अलीकडे आपलीही चिन्हे कोरली जातात. विहारासाठी धम्मचक्र, वाचनालयासाठी बाबासाहेबांचा अर्धपुतळा, मंडळासाठी अण्णा भाऊ साठे, १ जानेवारीला घरात लावायला भीमा कोरेगावचा स्तंभ. गेल्या काही वर्षांत मी अशी बरीच कोरीव कामे विहारांतून, घरांतून आणि कार्यक्रमांच्या व्यासपीठांवर पाहिली. त्यांच्याविषयी दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते आणि दोन्ही मला अपुरे वाटते.

पहिले बोलणे कलाप्रेमी मंडळींचे. यंत्राने हाताची कला मारली, लाकडाचा आत्मा गेला, कारागीर उपाशी मरतो, असे ते म्हणतात. कारागिराच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. सुतार हाही बलुतेदारच; गावगाड्याने त्यालाही धान्याच्या पसाभर मोबदल्यावर राबवले. त्याच्या हातातले काम जात असेल तर ते दुःख आपल्याला परके नाही. पण 'लाकडाचा आत्मा' म्हणून जे काही सांगितले जाते त्याबद्दल एक प्रश्न विचारावा लागतो. त्या आत्म्यापर्यंत पोहोचण्याची मुभा कोणाला होती? पटाशी आणि रंधा ही जातीची हत्यारे होती. सुताराचा मुलगा सुतार आणि महाराचा मुलगा महार, हा गावगाड्याचा नियम. मांगाच्या मुलाच्या बोटांत नक्षी होती की नव्हती हे कोणी कधी पाहिलेच नाही, कारण त्याच्या बोटांसाठी दोरखंड आधीच ठरलेले होते. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. हस्तकलेचे गोडवे गाणाऱ्यांनी ही विभागणी कधी हिशेबात धरली नाही. ज्यांना कलेच्या कार्यशाळेत प्रवेशच नव्हता, त्यांनी तिच्या मृत्यूचे सुतक का पाळावे?

कौशल्य रक्तातून येते हा भ्रम आहे, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये घडवणाऱ्या घराण्यांचा मूळ धंदा वाद्यांचा नव्हे. ते शिकलगार, म्हणजे तलवारी आणि हत्यारांना धार देणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस संपले आणि संस्थानच्या आश्रयाने फरीदसाहेबांसारखे कारागीर तारेच्या वाद्यांकडे वळले. पोलादाला धार देणारा हात भोपळ्यावर आणि तुणीच्या लाकडावर पानफुले कोरू लागला. संधी मिळाली तेव्हा हात बदलला. ज्यांना संधी मिळाली नाही त्यांचे हात जन्मतःच अडाणी होते, असे मग कोणत्या तोंडाने म्हणायचे?

म्हणून यंत्र आले याचे मला वाईट वाटत नाही. यंत्राला शत्रू मानणारा विचार बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना स्पष्टपणे नाकारला होता. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, अशी त्यांची मांडणी होती. राऊटर चालवणाऱ्याला जात विचारत नाही. आयटीआयमधून आलेला आपला मुलगा सहा महिन्यांत त्यावर ते काम काढतो, ज्यासाठी पूर्वी एखाद्या घरात जन्म घ्यावा लागे. ही गोष्ट लहान नाही.

पण दुसरे बोलणे इथेच सुरू होते आणि इथेच फसते. ते विक्रेत्यांचे बोलणे. यंत्राने कला सर्वांची केली, आता काहीही कोरून मिळेल, फोटो द्या आणि संध्याकाळी घेऊन जा. हात मुक्त झाला हे खरे. परंतु आकार कोण ठरवतो? यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते फाइलचे ऐकते. पूर्वी सत्ता पटाशीत होती, आज ती फाइलमध्ये आहे. आणि फाइलच्या बाजारात आपण अजून गिऱ्हाईकच आहोत.

हे उदाहरणाने सांगतो. गणपतीची उठावाची फाइल तयार मिळते; कोणीतरी संगणकावर ती सोंडेपासून मुकुटापर्यंत घडवलेली असते. बाबासाहेबांची किंवा अण्णा भाऊंची तितक्या मेहनतीने घडवलेली फाइल सहसा हाताशी नसते. मग सोपा मार्ग काढला जातो. कृष्णधवल फोटो संगणकात घालायचा आणि त्याला सांगायचे की पांढरे ते उंच, काळे ते खोल, मधले राखाडी ते मधल्या उंचीचे. यंत्र इमानेइतबारे तसे कोरते. परिणाम काय होतो? बाबासाहेबांच्या चष्म्याची काळी चौकट प्रत्यक्षात चेहऱ्याच्या पुढे असते. लाकडात तिची चर खणली जाते. सदऱ्याची पांढरी कॉलर हनुवटीच्याही वर उचलली जाते. गडद कोट खड्ड्यात जातो. नाकाखालची सावली भोक बनते. फोटो काढताना दिवा डावीकडे होता म्हणून उजवा गाल कायमचा खचतो.

यातला एक भाग अधिक बोचणारा आहे. या पद्धतीत उजळ रंग म्हणजे उंची आणि सावळा रंग म्हणजे खोली. उन्हात राबलेला, रापलेला चेहरा जितका काळा तितका तो फळीत बुडत जातो. यंत्राला जात कळत नाही, त्याला दोष देणे मूर्खपणाचे होईल. दोष आहे तो रंगालाच आकार समजणाऱ्या आळसाचा. परंतु हा आळस नेमका कोणाच्या प्रतिमेच्या वाट्याला येतो, हे पाहिले पाहिजे. ज्यांच्या मूर्तींना बाजार आहे त्यांच्यासाठी शिल्पकार बसतो. आपल्या माणसांसाठी फोटो पुरेसा मानला जातो.

आता पैशाचे गणित पाहू. राऊटरचा दर मुख्यतः वेळेवर ठरतो. एक फुटाचा, म्हणजे सुमारे तीनशे मिलिमीटरचा चौरस उठाव घ्या. शेवटचा बारीक हात देताना गोल टोकाचे पाते शेजारी शेजारी रेघा ओढत जाते. दोन रेघांत ०.३ मिलिमीटर अंतर ठेवले तर हजार रेघा, म्हणजे तीनशे मीटरचा प्रवास. मिनिटाला तीन मीटर वेगाने शंभर मिनिटे. तेच अंतर ०.१ मिलिमीटर केले तर नऊशे मीटर आणि पाच तास. फरक डोळ्यांच्या कडांत, ओठांच्या रेषेत, अक्षरांच्या टोकांत दिसतो. वर्गणी काढून आलेल्या मंडळाला पाच तास परवडत नाहीत. त्याच्या वाट्याला सागवानाऐवजी एमडीएफची फळी, रुंद रेघा आणि वरून सोनेरी रंगाचा जाड थर येतो. थराखाली काय झाकले जाते हे वेगळे सांगायला नको. गरिबाची चिन्हेही गरीबच राहतात, आणि मग अभिरुची नसल्याचा ठपकाही त्याच्यावरच ठेवला जातो.

मात्र सगळाच दोष गरिबीवर ढकलता येणार नाही. धम्मचक्र म्हणून, अशोकचक्र म्हणून मी सोळा आऱ्यांची, वीस आऱ्यांची चक्रे पाहिली आहेत. ध्वजावरच्या चक्राला २४ आरे आहेत. संगणकावर एक आरा काढून तो १५ अंशांनी फिरवत गेले की चोवीस होतात. त्याला ना पैसा लागतो ना वेळ. संगणक नसला तरी चालते. कंपासने वर्तुळाच्या त्रिज्येइतके अंतर परिघावर मोजत गेले की सहा भाग पडतात, ते दोनदा निम्मे केले की चोवीस. म्हणजे हे अज्ञान साधनांचे नव्हे, बेपर्वाईचे आहे. धम्मचक्र आठ आऱ्यांचेही असते, त्याला अष्टांगिक मार्गाचा अर्थ आहे. पण वीस आऱ्यांना कोणता अर्थ आहे? आकडा चुकला की चिन्हाचे वाक्य चुकते. सिंहस्तंभाचेही तसेच. ती देशाची राजमुद्रा आहे, तिच्याखाली 'सत्यमेव जयते' हवे, आणि २००५ च्या कायद्याने तिच्या वापरावर बंधने घातली आहेत. मंडळाच्या फलकावर ती शोभा म्हणून कोरणाऱ्यांना यांपैकी काहीच ठाऊक नसते.

याहून गंभीर गोष्ट प्रभावळीची आहे. बुद्धाची किंवा बाबासाहेबांची प्रतिमा मागितली की चौकट म्हणून तयार फाइल जोडली जाते. ती देव्हाऱ्याची असते. दोन बाजूंना खांब, वर महिरप, महिरपीच्या माथ्यावर कीर्तिमुख, खाली कलश. ज्यांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्या घरात मागच्या दाराने देव्हारा शिरतो. तो कोणा पुरोहिताने आणलेला नाही. 'बॉर्डर फुकट' म्हणून आलेला आहे. बाबासाहेब प्रतिमेच्या विरोधात नव्हते. रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला स्वतः बसवली. पण राजकारणातल्या भक्तीने माणूस हुकूमशाहीकडे जातो हा इशाराही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनीच दिला. आदरासाठी प्रतिमा आणि शरणागतीसाठी मूर्ती यांतले अंतर चौकटीने पुसले जाते. म्हणून चौकटीची समीक्षा केली पाहिजे.

काही मित्र म्हणतील, अत्याचार चालू आहेत, नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या रखडतात, आणि तुम्ही लाकडी चक्राचे आरे मोजत बसलात. हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु चिन्हाला किंमत नसती तर आपल्या पुतळ्यांची विटंबना झाली नसती. चिन्ह बदलते, आणि बदलणारा कोणीतरी असतो. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्याच्या जागी खंजीर आला. बिल्ल्यावर काय राहावे आणि काय जावे, हे कोणीतरी ठरवले. प्रश्न एवढाच की ठरवणाऱ्यांत आपण आहोत की नाही.

याच जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊंना शाळा जवळपास मिळालीच नाही. तरी त्यांनी लेखणी हातात घेतली आणि १९५९ साली 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्या हत्याराची वंशपरंपरा आपल्याकडे नव्हती ते त्यांनी आपले करून घेतले. फाइल हे आजचे तसेच हत्यार आहे. माझ्या वर्गात बसणारी मुले मोबाइलवर चेहऱ्यांचे फोटो सफाईने घडवतात. त्यांना लाकडातला चेहरा घडवायला शिकवणे अशक्य नाही. बाबासाहेबांचा, सावित्रीबाईंचा, अण्णा भाऊंचा उठाव अनेक फोटो समोर ठेवून, हाडांची ठेवण अभ्यासून, चष्मा चेहऱ्याच्या पुढे ठेवून एकदा नीट घडवावा आणि तो कोणत्याही विहाराला, कोणत्याही मंडळाला फुकट द्यावा. मग वर्गणीचे पैसे फाइलवर खर्च होणार नाहीत, ते पात्याच्या बारीक हातावर खर्च होतील. आणि तोवर निदान एवढे तरी करावे: काम सांगताना पडद्यावरचा उठाव बाजूने फिरवून पाहावा, आरे मोजावेत, चौकट नाकारण्याचा आपला हक्क वापरावा, आणि फळीच्या मागे घडवणाऱ्याचे नाव लिहायला सांगावे. गावगाड्याने कारागिराला कधी नाव दिले नाही. आपण ती चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

पटाशी आपल्याला कोणी दिली नव्हती. राऊटरचे बटण आज आपल्या मुलांच्या बोटाखाली आहे. पण बटण दाबणारा मजूर राहायचे की आकार ठरवणारा कलावंत व्हायचे, हे यंत्र सांगणार नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागेल.