शाहिद की शहीद?

उर्दूत 'शाहिद' म्हणजे साक्षीदार आणि 'शहीद' म्हणजे हुतात्मा. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, शीन-हे-दाल. मराठीत छापताना मात्र एकाच्या जागी दुसरा सहज पडतो आणि कोणाला चूकही वाटत नाही. हन्सल मेहता यांचा 'शाहिद' हा हिंदी चित्रपट १८ ऑक्टोबर २०१३ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर आमच्या वस्त्यांमध्ये त्याबद्दल जे बोलले गेले, त्यातही हीच गल्लत झाली असे आम्हास वाटते. चित्रपट एका फौजदारी वकिलाचा आहे. आम्ही मात्र तो एका शहिदाचा म्हणून पाहिला, डोळे पुसले आणि घरी आलो.

ॲड. शाहिद आझमी यांचे चरित्र थोडक्यात असे. जन्म १९७७ चा, बालपण देवनार-गोवंडी भागातले. १९९२ च्या दंगलीने होरपळलेला हा मुलगा काही काळ काश्मीरकडे प्रशिक्षण शिबिरात गेला आणि तिथून परत फिरला. १९९४ मध्ये 'टाडा'खाली अटक झाली. पुढे कित्येक वर्षे तिहारमध्ये गेली आणि शिक्षणही तिथेच झाले. २००१ मध्ये सुटल्यावर त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि २००३ पासून स्वतंत्र वकिली सुरू केली. सुमारे सात वर्षांत सतरा आरोपी निर्दोष सुटले. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याच्या टॅक्सीमेन्स कॉलनीतील कार्यालयात त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. वय अवघे बत्तीस.

काश्मीरचा भाग मेहतांनी लपवला नाही, हे त्यांचे धाडसच. आमच्यातील काही मंडळींना तो भाग नको होता. पण तो काढला असता तर हा माणूस कागदी झाला असता. मरियमला आईच्या भेटीला नेताना शाहिद तिला बुरखा घालायला सांगतो, तो प्रसंगही असाच. न्यायालयात दुसऱ्याच्या हक्कासाठी भांडणारा हा तरुण घरात मात्र चारचौघांसारखाच वागतो. दिग्दर्शकाने त्याची बाजू सावरून घेतलेली नाही. या प्रसंगावर आमच्यात कोणी फारसे बोलले नाही, हे विशेष.

राजकुमार राव यांच्या अभिनयाला आणि मेहतांच्या दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते योग्यच. न्यायालयाची ती कोंदट खोली, फायलींचे ढीग, एकमेकांवर ओरडणारे वकील आणि वैतागलेले न्यायाधीश. हिंदी पडद्यावर असे न्यायालय क्वचितच दिसले होते. तरीही आमची तक्रार आहे आणि ती मुख्य जागीच आहे. शाहिद सरकारी वकिलाकडे वळून म्हणतो की आरोपीचे नाव दुसरे काही असते तर तो या पिंजऱ्यात उभाच नसता. प्रेक्षकांच्या टाळ्या इथेच पडतात. वाक्य खरे आहे, आम्हा सर्वांच्या मनातले आहे. पण अशा वाक्याने खटला सुटत नाही.

खटला कशाने सुटतो, हे पाहायचे तर २६/११ च्या खटल्यातील नकाशा आठवावा. फहीम अन्सारी यांनी हाताने काढलेला म्हणून सांगितलेला नकाशा मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या खिशात सापडला, असा पोलिसांचा दावा होता. खिसा रक्ताने भरलेला आणि नकाशा मात्र स्वच्छ, ना डाग, ना चुरगळलेला. तो सापडलाच कसा? ३ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने अन्सारी यांना निर्दोष सोडले आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयांनीही तो निर्णय कायम ठेवला. या खटल्यातले त्यांचे वकील शाहिद तेव्हा तीन महिन्यांपूर्वीच गेले होते. या साऱ्यात भाषण कुठे आहे? एक कागद आणि त्या कागदाकडे नीट पाहणारी नजर, एवढेच. साक्षीदार म्हणतो तो हाच. पाहतो तो शाहिद.

इथे आम्हाला एक गोष्ट मांडावीशी वाटते, कारण आमचा रोजचा संबंध उर्दू शाळेतल्या मुलांशी आहे. महाराष्ट्रात पंचनामा मराठीत लिहिला जातो. जबाब, दोषारोपपत्रही बहुधा मराठीतच. आमची मुले मराठी शिकतात ती गुणांपुरती. 'सदर इसम' आणि 'उपरोक्त वर्णनाचा' ही भाषा त्यांच्या कानावरूनही गेलेली नसते. अशा मुलाने उद्या ठाण्यात कागदावर सही केली, तर ती कशावर केली हे त्याला कोण सांगणार? त्यावर 'मोक्का'सारखा कायदा. साध्या कायद्यात पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. 'मोक्का'त पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला ठरतो. म्हणजे कागद हाच सर्वस्व. ज्याला तो वाचता येत नाही त्याच्यासाठी तो वाचणे, हेच बचावाच्या वकिलाचे निम्मे काम. चित्रपट हिंदीत बोलतो, त्यामुळे भाषेची ही गाठ त्यात फारशी जाणवत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये ही दरी दुसऱ्या बाजूने दिसते. तिथला वकील विनय व्होरा सुखवस्तू आहे, प्रामाणिक आहे, पण शाहीर नारायण कांबळेच्या वस्तीत तो पाहुणाच राहतो. आझमींचे अनेक अशील शेजारच्या गल्लीतले म्हणावेत असे होते. म्हणून त्यांना राग येण्याचा धोका अधिक होता. तो आवरून ते फाईल उघडत, यात आम्हाला खरी करामत दिसते.

आणखी एक उणीव. पडद्यावरचा शाहिद जिंकत जातो. प्रत्यक्षात ११ जुलै २००६ च्या रेल्वे बाँबस्फोट खटल्यात 'मोक्का'च्या तरतुदींनाच आव्हान देण्याची मोठी लढाई झाली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्याला स्थगिती दिली, पण एप्रिल २०१० मध्ये आव्हान फेटाळले गेले. या हरलेल्या लढाईला चित्रपटात फारशी जागा नाही. हुतात्म्याच्या कथेत हार बसत नाही, वकिलाच्या कथेत मात्र ती बसायलाच हवी. २०१५ मध्ये त्या खटल्यात बारा जणांना शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना दोषमुक्त ठरवले; कबुलीजबाबांतील एकसारखा मजकूर न्यायालयाच्या नजरेत आला. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल नजीर म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही.

आझमींवर आमच्याकडे नज्म होतात, जलसे होतात. त्यांच्या उलटतपासण्यांच्या नकला मिळवून, त्या मराठीत आणि उर्दूत शेजारीशेजारी छापून कोणी पुस्तक केले, तर आमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी त्याच्या दोन प्रती आम्ही आजच मागवू.