डिस्कविरहित युनिक्स संगणक आणि उपकरण-फाइल : एक चिकित्सा

युनिक्स प्रणालीत प्रत्येक उपकरण फाइलरूपाने समोर येते, हा तिच्या रचनेचा सर्वाधिक गौरवलेला विशेष होय. एकाच संगणकापुरते हे तत्त्व निर्दोष भासते. डिस्कविरहित संगणक आपली मूळ फाइलप्रणाली एनएफएसद्वारे भिन्न जातीच्या सर्व्हरवरून घेऊ लागला, की त्यातील उणीव उघडी पडते.

उपकरण-फाइलीत मजकूर नसतो. असते ती मुख्य व गौण क्रमांकांची जोडी, आणि तिचा अर्थ कर्नलगणिक बदलतो. नेटबीएसडीच्या आय३८६ आवृत्तीत अक्षर-उपकरण (२, २) म्हणजे ‘नल’. लिनक्समध्ये हीच जोडी जुन्या पद्धतीच्या छद्म-टर्मिनलची. त्याहून जटिल प्रश्न मांडणीचा आहे. ३२ बिटांपैकी नेटबीएसडी मुख्य क्रमांकास १२ व गौण क्रमांकास २० बिट देते. सोलारिस अनुक्रमे १४ व १८. सोलारिसच्या मांडणीत (२, २) ची संख्या ५२४२९० होते. तीच नेटबीएसडीच्या रीतीने उलगडली तर (२०४८, २) हाती येते. गंमत अशी, की कन्सोलची जोडी (०, ०) असल्याने ती दोन्हींकडे शाबूत राहते. यंत्र सुरू होते, संदेश दिसतात, मग अडते. दोष मात्र भलतीकडेच शोधला जातो.

एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीने (आरएफसी १०९४, १९८९) ही जोडी एकाच क्षेत्रात कोंबली, हा खरा दोष. टारच्या यूस्टार स्वरूपात दोन्ही क्रमांक तेव्हाही स्वतंत्र होते. म्हणजे पर्याय अज्ञात नव्हता. तिसऱ्या आवृत्तीने (आरएफसी १८१३, १९९५) ती क्षेत्रे वेगळी केली. नेटबीएसडीच्या एमकेनॉड आज्ञेला ‘एफ’ पर्यायाने परक्या प्रणालीची मांडणी सांगता येते. सोय उपयुक्त खरी, परंतु ती मलमपट्टीच. कोणती मांडणी हवी हे प्रशासकालाच ठाऊक असावे लागते.

सुरक्षेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. ग्राहकासाठी निर्मिलेली नोंद सर्व्हरचे कर्नल स्वतःच्याच उपकरणाची मानते. परवानग्या सैल असतील आणि ती फाइलप्रणाली ‘नोडेव्ह’ पर्यायाने जोडलेली नसेल, तर सर्व्हरवरील सामान्य वापरकर्त्यास भलतेच उपकरण खुले होऊ शकते.

फ्रीबीएसडी ५.० (२००३) मधील डेव्हएफएस व लिनक्समधील डेव्हटीएमपीएफएस (२००९) यांनी नोंदी निर्माण करण्याचे काम ग्राहकाच्या कर्नलकडेच सोपविले. नेटबीएसडीत कन्सोलची नोंद न आढळल्यास ‘इनिट’ स्मृतीत तात्पुरती फाइलप्रणाली उभारून तेथे मेकडेव्ह चालविते. त्यात काही वेळ व स्मृती खर्ची पडते. पण क्रमांक ज्याचे, तेच कर्नल ते लिहिते.