हेराची गाळलेली वाट

१६६०च्या फेब्रुवारीत मुघल सरदार शाहिस्तेखान नगर सोडून पुण्याकडे निघाला. त्याआधी त्याची फौज औरंगाबादेकडून नगरला उतरली ती आमच्याच नेवासा-नगर पट्ट्यातून; आजचाही तो हमरस्ता सोनईपासून जवळ, घोडेगावावरून जातो. घोडी, उंट, तोफांचे गाडे, बाजारबुणगे. एवढा पसारा कुठल्या विहिरींवर थांबला, वैरण कुठून आली, रात्री पहारे कधी बदलले, हे कुणीतरी पाहिलं आणि मोजलं असणार. तीन वर्षांनी, एप्रिल १६६३मध्ये, पुण्यात खानाचा मुक्काम असलेल्या लाल महालावर शिवाजी महाराजांचा छापा पडला. असा छापा अशा मोजणीशिवाय पडत नाही. हेराचं काम म्हणजे मुख्यतः हेच, आणि आपल्या पडद्यावरून नेमकं हेच गळतं.

दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ (२०१८) आणि ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) या चित्रपटांनी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांना नव्या पिढीसमोर ठळकपणे उभं केलं, हे त्यांचं श्रेय मोठं आहे. ‘फत्तेशिकस्त’मधला हरीश दुधाडे यांचा बहिर्जी पोरांच्या तोंडी आहे. पण या पठडीतल्या चित्रपटांत बातमी आणलेली दिसते, काढताना क्वचितच दिसते. वेषांतर होतं, मुजरा होतो, दोन वाक्यांत खबर सांगून होते आणि तलवारी निघतात. यात दिग्दर्शकाचा दोष मी थोडाच मानतो. महिनोन् महिने चाललेली पाळत प्रत्यक्ष चित्रित करायची तर फौजेचा तळ उभारावा लागेल, तोही बदलत्या ऋतूंत. शिवाय १६६०चा नेवासा-नगर पट्टा आता कॅमेऱ्याला सापडणार कुठे? मुळा धरणाच्या कालव्यांनी इथे ऊस आणला. जिथे उभं राहाल तिथे मागे हिरवं दिसतं. ते जुनं माळरान आता फक्त काढता येतं, हाताने.

म्हणून हेरपटाच्या फॅन एडिटमध्ये ॲनिमेशनची जागा आहे असं मला ठामपणे वाटतं. फॅन एडिट म्हणजे चाहत्याने आवडत्या चित्रपटाची स्वतः केलेली फेरजुळणी. २०००च्या सुमारास ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या भागाची ‘द फँटम एडिट’ ही फेरजुळणी गाजली आणि हा छंद जगभर पसरला. तिचं बळ कापण्यात होतं. भर घालणं कितीतरी अवघड. हेरपटांच्या चाहत्यांना भर घालण्याचा मोह जुना आहे, कारण बाँडपटांची ओळखच रेखाटनाशी जोडलेली. मॉरिस बाइंडरने १९६२च्या ‘डॉ. नो’साठी खऱ्या बंदुकीच्या नळीतून चित्रण करून ती प्रसिद्ध गोल चौकट घडवली. १९८३चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ वेगळ्या निर्मात्यांचा, म्हणून त्यात ती चौकटही नाही आणि बाँडची ओळखीची धूनही नाही. चाहत्यांनी दोन्ही जोडून पाहिली. ही डागडुजी हौसेची आहे, पण तिने कथेत काही नवं येत नाही.

खरी शिकवण दुसरीकडे आहे. १९६७च्या ‘कॅसिनो रोयाल’ या हेरगिरीच्या प्रहसनाची शीर्षकं रिचर्ड विल्यम्सने रेखाटली होती. याच विल्यम्सने जवळजवळ तीन दशकं ‘द थीफ अँड द कॉबलर’ हा ॲनिमेशनपट रचला आणि १९९२मध्ये तो त्याच्या हातून काढून घेतला गेला. गॅरेट गिलख्रिस्ट या चाहत्याने २००६पासून उपलब्ध तुकडे गोळा करून ‘रिकॉबल्ड कट’ सिद्ध केला. जिथे दृश्य पूर्ण नाही तिथे पेन्सिलीची कच्ची रेखाटनं तशीच ठेवली, पुढच्या आवृत्तीत काही जागी इतर चित्रकारांकडून नवं काम करून घेतलं. पाहताना सांधे दिसतात. मला ते सांधे दिसणंच मोलाचं वाटतं, कारण मूळ कलावंताचं काय आणि चाहत्याचं काय, हे प्रेक्षकापासून लपवलेलं नाही.

याच्या उलट उदाहरण २०२५चं. ‘रांझणा’ या हिंदी चित्रपटाचा शेवट हक्कदार कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेने बदलून तमिळमध्ये पुन्हा प्रदर्शित केला, दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. नटाचा चेहरा घेऊन त्याने न केलेला अभिनय त्याच्या नावावर चढवायचा, ही भर मला मान्य नाही. चाहत्याने तर त्या वाटेला जाऊच नये. चित्र काढा, आणि ते चित्रच दिसू द्या.

ॲनिमेशनच्या कलेचं मराठी मूळ आपण विसरलो आहोत. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं चित्रित करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली आणि पुढे काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. ‘प्रभात’ने १९३४मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट केला. आणि चाहत्याने चित्रपट हातात घेण्याची परंपरा पाहायची तर मालेगावात जा. शेख नासिर यांनी यंत्रमागाच्या त्या गावात २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’साठी हिरव्या कापडासमोर चित्रण करून नायकाला संगणकावर उडवण्याची जी खटपट चालली, ती फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात दिसते. तिथे तंत्र तोकडं आहे, पण कोणतं दृश्य का हवं हे करणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

आजच्या मोबाइलवरच्या ‘एडिट’मध्ये मला याच्या बरोबर उलटं दिसतं. शिवकाळातल्या चित्रपटांचे तुकडे घेऊन आमच्याकडची पोरं स्टेटससाठी जे बनवतात त्यात हात सफाईदार आहे. की-फ्रेम, लेयर, ठेक्यावर पडणारा कट, सगळं चोख. पण श्रम जातात ते तलवारीभोवती ज्वाळा आणि डोळ्यांत लाल चमक घालण्यात. म्हणजे मूळ चित्रपटात जे आधीच भरपूर आहे, त्याचीच आणखी भर. गाळलेल्या वाटेकडे कुणी जात नाही.

जायचं कसं, याचं उत्तर दूर नाही. सोनईहून शेवगावमार्गे पैठण गाठता येतं. ‘पैठणी चित्रकथी’ या नावाने ओळखली जाणारी चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत: ताणलेले मोठे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, ठसठशीत आकृत्या. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ही कला अजून सादर होते. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत पोथीतलं एकेक चित्र समोर धरलं जातं आणि हालचाल निवेदकाच्या आवाजातून घडते. एकट्या चाहत्यासाठी याहून योग्य पद्धत नाही. सेकंदाला बारा चित्रं धरली तर दीड मिनिटाच्या दृश्याला एक हजार ऐंशी चित्रं लागतात. चित्रकथीच्या रीतीने तीस-चाळीसांत भागेल, वर एखादा हात किंवा घोड्याची मान तेवढी हलवायची. ब्लेंडरसारखी साधनं फुकट आहेत. कमी आहे ती रेषेच्या अभ्यासाची.

बहुतेक प्रयत्न फसतात ते मात्र आवाजावर. बहुमार्गी ध्वनीच्या चित्रपटात संवाद सहसा मधल्या मार्गात असतो, त्यामुळे जुनं दृश्य कापताना संगीत बरंचसं वेगळं काढता येतं. नव्या दृश्याला मागे काहीच नसतं, मग चाहते मूळ चित्रपटातलंच युद्धाचं संगीत ओढून आणतात आणि पाळतीचं दृश्य लढाईसारखं वाजतं. तिथे निवेदक हवा, नेवासे-शेवगावकडच्या बोलीत, आणि मागे बैलांच्या घुंगरांपलीकडे फार काही नको. कायद्याचंही भान हवं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ने कर्त्याला कलाकृतीच्या विकृतीविरुद्ध हक्क दिला आहे, तेव्हा अख्खी फेरजुळणी वाटत सुटणं धोक्याचं. स्वतः काढलेलं दीड मिनिट वेगळं दाखवता येतं, आणि ते स्वतंत्रपणे उभं राहत नसेल तर चित्रपटात घालूनही राहणार नाही.

माझ्या मते सुरुवात नगरच्या तळापासून व्हावी. वैरणीचे गाडे आत जाताहेत, आणि दाराशी बसलेला एक माणूस बोटांच्या पेरांवर ते मोजतो आहे. त्याने अंगावर काय पांघरलं आहे, हे चित्रकाराने अजून ठरवायचं आहे.