परकीय न्यायनिर्णयांची अंमलबजावणी : परस्परतेच्या अटीची चिकित्सा

प्रस्तावना :
परदेशी न्यायालयात दावा जिंकणे आणि त्याची रक्कम भारतात वसूल होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ही वसुली दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम १३, १४ व ४४अ यांवर अवलंबून असते. त्यांपैकी कलम ४४अ मधील परस्परतेची अट कितपत समर्थनीय आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

कायद्याची चौकट :
कलम १३ अन्वये परकीय न्यायनिर्णय निर्णायक मानला जातो. मात्र त्यास सहा अपवाद आहेत. अधिकारितेचा अभाव, गुणावगुणांवर निर्णय नसणे, नैसर्गिक न्यायाचा भंग आणि कपट हे त्यांतील प्रमुख होत. १९३७ साली समाविष्ट झालेल्या कलम ४४अ नुसार, केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशांतील वरिष्ठ न्यायालयांच्या पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त थेट जिल्हा न्यायालयात दाखल करता येते. ब्रिटन, सिंगापूर, न्यूझीलंड इत्यादी देश या यादीत आहेत. अमेरिकेतील न्यायनिर्णयावर मात्र नवा दावा लावावा लागतो आणि मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १०१ नुसार त्यासाठी तीनच वर्षांची मुदत मिळते.

चिकित्सा :
कलम १३ हे निर्णय कसा झाला ते तपासते, तर कलम ४४अ हे तो कोठून आला ते पाहते. पहिली कसोटी पुरेशी समर्थ आहे. ‘शितोळे विरुद्ध शंकर सरन’ (१९६२) या प्रकरणात ग्वाल्हेर न्यायालयाच्या १९४८ मधील एकतर्फी हुकूमनाम्याची अंमलबजावणी अलाहाबाद येथे मागण्यात आली होती. प्रतिवादी उत्तर प्रदेशातील होते व त्यांनी त्या न्यायालयाची अधिकारिता स्वीकारली नव्हती. दरम्यान ग्वाल्हेर भारताचा भाग झालेले असूनही सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली.

याउलट, संयुक्त अरब अमिरातीशी न्यायिक सहकार्याचा करार १९९९ साली झाला. अधिसूचना मात्र जानेवारी २०२० मध्ये निघाली. एका अधिसूचनेने तेथील न्यायदानाचा दर्जा बदलला नाही. बदलला तो केवळ हुकूमनामाधारकाचा मार्ग. तसेच, न्यूयॉर्क येथील लवादाचा निवाडा लवाद व समेट कायदा, १९९६ अन्वये नवा दावा न लावता अंमलात आणता येतो. त्याच शहरातील न्यायालयाच्या निर्णयास ही सोय नाही.

परस्परतेमुळे भारतीय निर्णयांना परदेशात मान्यता मिळवून घेता येते, असा युक्तिवाद केला जातो. तो तत्त्वतः ग्राह्य आहे. परंतु आठ दशकांनंतरही यादी अल्पच असल्याने त्याचे व्यावहारिक बळ कमी ठरते. या विलंबाची झळ शासनास नव्हे, तर खाजगी पक्षकारास बसते. ऋणकोस मात्र मालमत्ता हलविण्यास अवधी मिळतो.

निष्कर्ष :
परकीय न्यायनिर्णयांविषयीचा २०१९ चा हेग करार १ सप्टेंबर २०२३ पासून अंमलात आला आहे. भारत त्यात सहभागी नाही. त्यात सहभागी होणे, अथवा कलम १३ च्या कसोटीस उतरणाऱ्या प्रत्येक पैशाच्या निर्णयास थेट दरखास्तीचा मार्ग खुला करणे, हे दोन पर्याय विचारार्ह आहेत. न्यायाची पारख निर्णयाच्या गुणवत्तेवरून व्हावी, नकाशावरून नव्हे.